चंद्रावर राहून गेलेलं मूल

चंद्रावर शाळेची सहल गेली आहे. शिक्षक रांग घेऊन पुढे गेलेत. मागे रेंगाळलेलं एक मूल दगडाला टेकून रंगीत खडूंनी पृथ्वीचं चित्र काढत बसतं आणि तिथेच त्याचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा शाळेच्या बससारखं पिवळं यान निघून चाललेलं असतं. अमेरिकी चित्रकार जॉन हेअर यांच्या ‘फील्ड ट्रिप टू द मून’ (२०१९) या पुस्तकाची ही सुरुवात. गोष्टीत शब्द एकही नाही. म्हणूनच ते परदेशी असूनही आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्गात जसंच्या तसं वापरता येतं.

नि:शब्द पुस्तक हाती आलं की आपण मोठी माणसं लगेच गोष्ट सांगायला लागतो. तो मोह आवरायचा. पहिल्यांदा पानं नुसती दाखवायची, सावकाश. दुसऱ्या फेरीत विचारायचं : चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउझेन यांनी चित्र बघायला शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचा गाभा असे तीनच प्रश्न आहेत. त्यात ‘कशावरून?’ सगळ्यांत मोलाचा. त्या प्रश्नाने मूल आपल्या मनातला अंदाज सोडून पुन्हा चित्राकडे वळतं.

या पुस्तकात अंदाजाला भरपूर वाव आहे. चंद्रावर असेपर्यंत सगळ्यांचे चेहरे झाकलेले. मागे राहिलेला मुलगा आहे की मुलगी, शिक्षक ‘सर’ आहेत की ‘बाई’, काही कळत नाही. मराठीत गोष्ट सांगताना मात्र ‘तो झोपला’ की ‘ती झोपली’ हे ठरवावंच लागतं, आणि वर्गात वाद सुरू होतो. होऊ द्यावा. चेहरा दिसत नसताना मूल घाबरलंय की कंटाळलंय, हे बसण्यावरून आणि हातांवरून ओळखायचं असतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे पावरी बोलत शाळेत येणाऱ्या मुलांना तर ही गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगता येते. छापील मराठी अडवायला मध्ये येत नाही.

थांबून बघावं असं एक वळण गोष्टीत पुढे येतं. एकट्या पडलेल्या मुलाभोवती एकाक्ष, करडे चांद्रवासी जमतात. मूल त्यांना खडू देतं आणि ते दगड रंगवू लागतात. तेवढ्यात यान परततं, चांद्रवासी दडून बसतात. शिक्षक आधी मुलाला जवळ घेतात, मग रंगवलेला दगड बघतात आणि मुलालाच तो पुसायला लावतात. इथे पुस्तक मिटून विचारावं, शिक्षकांना काय दिसलं? काय दिसलं नाही? मग वर्गाचे दोन गट करावेत. एकाने शिक्षकांच्या बाजूने मुख्याध्यापकांना चार ओळींचा अहवाल लिहावा, दुसऱ्याने मुलाच्या बाजूने घरी सांगायची हकिगत. घटना एकच, पण दोन्ही कागद जुळत नाहीत. ते का, हे मुलं आपणहून सांगतात.

विज्ञानही यातूनच निघतं. फळ्यावर दोन रकाने आखावेत, ‘खरं’ आणि ‘कल्पनेतलं’. चांद्रवासी दुसऱ्या रकान्यात जातील. उंच उड्या पहिल्या रकान्यात, कारण चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. इथे तीस किलो भरणारं मूल तिथल्या काट्यावर पाच किलो भरेल. मूल यानाच्या मागे ओरडलं असतं तर? आवाज पोचवायला तिथे हवाच नाही. पोशाखातला रेडिओ हवा. आणि त्याने चित्रात काढलेली पृथ्वी? चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, त्यामुळे त्या बाजूला उभं राहिल्यास पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. उगवत नाही, मावळत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं ते याच बाजूला, दक्षिण ध्रुवाकडच्या भागात. ते पाहिलेल्या मुलांकडे विचारायला प्रश्न भरपूर असतात.

हे पुस्तक सहलीआधी आठवडाभर वाचावं. एरवी आपल्या सहलीत डबा, शिट्टी, रांग आणि माहितीफलक उतरवून घेणं एवढंच उरतं. परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध, ज्यात सगळ्यांची बस सकाळी सहाला सुटते आणि सगळ्यांना खूप मजा येते. थांबून बघायची सवय आधी लावलेली असेल, तर किल्ल्यावर एखादी मुलगी भिंतीतल्या कोनाड्यापाशी रेंगाळेल आणि हा कशासाठी, असं विचारेल. तिला ‘चल, मागे राहू नकोस’ म्हणण्याआधी दोन मिनिटं द्यावीत. मोजणी अर्थात चुकवायची नाही. निघण्यापूर्वी मुलांनीच जोड्या करून डोकी मोजावीत, म्हणजे गणितही होतं.

परतल्यावर निबंधाऐवजी प्रत्येकाने सहा चौकटी आखून आपली सहल एकही शब्द न लिहिता काढावी. ती चित्रं सहलीला न गेलेल्या वर्गाला द्यावीत आणि त्यांनी गोष्ट सांगावी. जिथे ते अडखळतील, तिथे काय काढायचं राहिलं ते चित्र काढणाऱ्यालाच कळेल. लाल शाईची गरजच पडत नाही.