दुखणे पायात, मूळ कमरेत

मुलांनो, आमच्या मोहल्ल्यातील एक चाचा धान्याच्या गोदामात हमाली करतात. एके दिवशी त्यांनी कमरेत वाकून पोते उचलले आणि उजव्या पायात विजेसारखी कळ गेली. कमरेतून निघालेली ती कळ मांडी आणि पोटरीतून थेट पावलापर्यंत पोहोचली. पायाला मुंग्या आल्या. कोणी म्हणाले, "पाय चोळा." कोणी म्हणाले, "पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते." चाचींना मात्र एकच काळजी होती. पाय अधू झाला, तर घर कसे चालणार?

शेवटी चाचा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना उताणे झोपवले व पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला. लगेच तीच कळ आली. डॉक्टर म्हणाले, "दुखतो पाय, पण दुखण्याचे मूळ कमरेत आहे."

या दुखण्याला सायटिका म्हणतात. उर्दूत त्याला 'इर्कुन्नसा' असे नाव आहे. 'इर्क' म्हणजे शीर. पण ही रक्ताची शीर नव्हे, तर मेंदूचे निरोप पोहोचवणारा मज्जातंतू आहे. शरीरातील हा सर्वांत जाड मज्जातंतू कमरेतून निघून पायात उतरतो. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. एखादी चकती सरकली, की या मज्जातंतूचे मूळ दाबले जाते. ही गोष्ट 1934 साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिली.

पूर्वी अशा रोग्याला अनेक दिवस अंथरुणात पडून राहायला सांगत. आता डॉक्टर तसे सांगत नाहीत. फार तर एकदोन दिवस विश्रांती घ्यावी, मग झेपेल तेवढे चालावे-फिरावे. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम करावेत. बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो.

मात्र पायातील शक्ती कमी होऊ लागली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर क्षणभरही थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर केल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

दोन महिन्यांनी चाचा कामावर परतले. आता ते गुडघे वाकवून बसतात, ओझे छातीजवळ धरतात आणि मगच उठतात. मुलांनो, पाण्याची भरलेली बादली उचलताना तुम्हीही असेच करा.