मारलं तर मलाच धरतील?

१३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत जे घडलं, त्यानंतर आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) कितीतरी आयांच्या जिवाला घोर लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. मुलींनी कराटे शिकावं, असंही तेव्हापासून सगळे म्हणू लागले. शिकावंच. पण कराट्याबरोबर थोडा कायदाही शिकवायला हवा, असं मला वाटतं.

मी वकिली करते. शाळा-कॉलेजांत मुलींशी बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मी दगड घातला अन् त्याचं डोकं फुटलं, तर पोलीस मलाच धरतील ना?" या भीतीने उचललेला हात खाली येतो.

मैत्रिणींनो, स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचा बचाव करण्याचा हक्क आपल्याला १८६० च्या दंड संहितेपासून आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्यातलं ३८ वं कलम वहीत लिहून ठेवा. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची किंवा ॲसिड फेकलं जाण्याची रास्त भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. ॲसिडचा उल्लेख कायद्यात २०१३ साली आला. आधी त्याने वार करावा, मग आपण, असंही नाही. धोका दिसला की हक्क सुरू होतो. त्या क्षणी कुणी ताजवा घेऊन फटके मोजत बसत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात मान्य केलं आहे.

मात्र धोका संपला की हक्कही संपतो. तो पळत सुटला आणि आपण पाठलाग करून खुरपं मारलं, तर तो सूड झाला. नागपुरात १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या अक्कू यादवला जमावाने कोर्टातच ठार मारलं. त्या बायकांचा संताप कुणालाही कळेल. पण सुटकेसाठी त्यांना २०१४ उजाडावं लागलं, आणि ती सुटकाही पुराव्याअभावी झाली, स्वसंरक्षण म्हणून नव्हे.

खरं सांगायचं तर हक्क असला तरी पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, अटकही होऊ शकते. बचावासाठी मारलं, हे कोर्टात आपल्यालाच दाखवावं लागतं. पण ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही. आपलं म्हणणं संभवनीय वाटलं तरी पुरतं. म्हणून लगेच ११२ ला फोन करा. "मी मारलंच नाही" असं खोटं बोलू नका. का मारलं ते पहिल्याच जबाबात सांगा. सरकारी दवाखान्यात स्वतःच्या जखमांची नोंद करून घ्या. फाटलेले कपडे धुऊ नका, टाकू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि आयांनो, लेक धडपडत, ओरबाडलेली घरी आली, तर "तू कशाला हात उचललास?" हा प्रश्न तेवढा तिला विचारू नका.