संदेशांची रांग

सुज्ञ वाचकांस टपालपेटीचें महत्त्व सांगावयास नको. लिहिणारा पेटींत पत्र टाकून आपल्या कामास लागतो. घेणारा त्या क्षणीं घरीं असलाच पाहिजे असें नाहीं. पाकिटावर ४१३५१५ दिसलें कीं तें अहमदपूरच्या थैलींत पडतें. (ही पिनकोडची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवि होते, हें सांगतांना आमच्यासारख्या संस्कृत शिक्षकास थोडा अभिमान वाटतो.)

संगणकांनाहि हीच युक्ति शिकवावी लागली. एका यंत्रानें दुसऱ्यास थेट निरोप द्यावा आणि दुसरें नेमकें बंद असावें, तर निरोप वाऱ्यावर जातो. म्हणून मध्यें एक रांग ठेवतात. तिला ‘मेसेज क्यू’ म्हणतात. ह्या विद्येंत एका महाराष्ट्रीय विदुषीचें नांव आदरानें घेतलें जातें. नेहा नारखेडे ह्या मूळच्या पुण्याच्या. लिंक्डइन ह्या अमेरिकन कंपनींत त्यांनीं जे क्रेप्स व जुन राओ ह्यांच्यासह ‘काफ्का’ नांवाची प्रणाली रचली, आणि २०११ सालीं ती सर्वांस खुली झाली. नांव फ्रान्झ काफ्का ह्या लेखकावरून घेतलें. लिहून ठेवणें हेंच जिचें मुख्य काम, तिला तें शोभतेंहि.

काफ्का म्हणजे कचेरींतील आवक-वहीच होय. आलेला प्रत्येक संदेश क्रमांक घालून शेवटीं जोडावयाचा. वाचला म्हणून पान फाडावयाचें नाहीं. वाचणाऱ्या यंत्रानें आपण कोठवर आलों, एवढीच खूण ठेवावयाची. त्यामुळें एकाच नोंदीवरून एक यंत्र हिशेब करतें, तर दुसरें लबाडी हुडकतें. काम वाढल्यास वहीचे विभाग करतात. क्रम मात्र विभागापुरताच राखला जातो. म्हणून एका खात्याचे सर्व संदेश एकाच विभागांत घालावे लागतात. नाहीं तर रक्कम जमा होण्यापूर्वींच काढल्याची नोंद व्हावयाची!

खरी अडचण पुढेंच आहे. काम झालें, पण खूण करण्याआधीं यंत्र बंद पडलें, तर सुरू झाल्यावर तें तेंच काम पुन्हां करणार. मुलानें पुण्याहून आईस दोन हजार रुपये धाडावे, आणि ते त्याच्या खात्यांतून दोनदां वजा व्हावे! खूण आधीं केली, तर काम राहूनच जाण्याचें भय. माझ्या मतें पुनरावृत्ति पत्करणें बरें; मात्र प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक द्यावा, वजावट व त्या क्रमांकाची नोंद एकदमच करावी, आणि तोच क्रमांक पुन्हां आल्यास पुढें सरकावें.

वारंवार यत्न करूनहि न उलगडणारा संदेश निराळ्या रांगेंत काढतात. एका पत्रापायीं सबंध थैली अडू नये, हा हेतु. तिचें ‘डेड लेटर’ हें नांव, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या जुन्या टपालकचेरीवरूनच आलें. ह्या रांगेंत एखाद्या विधवेचें निवृत्तिवेतनहि पडून राहूं शकतें; आणि ती रोज तपासण्याचें काम कोणाचें, हें आधीं ठरविलें नसेल, तर तिची वाट तीच एकटी पाहत बसते.