प्रवासातील उष्ण व शीत अवगाहन : रुग्णास काय सांगावे?

खानदेशास उष्णोदकस्नान नवे नाही. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली रुग्ण श्रद्धेने स्नान करीत आले आहेत. शहादा तालुक्यातही याच नावाचे स्थान आहे. आता हॉटेलातील गरम पाण्याचे टब, कोकणातील समुद्रस्नान आणि परदेशी मुलांकडे गेल्यावर थंड समुद्रात पोहण्याची हौस यांविषयीही विचारणा होते. अशा वेळी ‘हरकत नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात अवगाहाची गणना १३ साग्नी स्वेदांत केली आहे. अर्थात गरम टब ही केवळ करमणूक नसून स्वेदकर्म होय व त्यास स्वेदाचेच विधिनिषेध लागू होतात. वातकफज शूल, स्तंभ व गौरव यांत तो हितकर; गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी व मधुमेही यांस वर्ज्य. वाग्भटांच्या मते उष्ण जल अधःकायास बल्य, परंतु मस्तकावर घेतल्यास केस व नेत्रांस अहितकर असते. तापलेल्या वा श्रमलेल्या शरीराने एकदम शीत जलात उतरणे हा चरकांनी कुष्ठाचा हेतू सांगितला आहे. उष्णाभितप्ताचा जलप्रवेश सुश्रुतांनी नेत्ररोगांच्या हेतूंत घेतला आहे.

आधुनिक शरीरक्रियेशी मेळ

उष्ण जलाने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून रक्तदाब उतरतो. टबातून झटकन उठल्यास भोवळ येते. शीत जलात त्या आकुंचन पावतात, रक्तदाब एकाएकी चढतो व पहिल्या काही मिनिटांत श्वास अनावर होतो. त्याच क्षणी तोंडात पाणी गेल्यास पोहता येणाराही बुडू शकतो. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ या सात सागरी खाड्या पोहून पूर्ण केल्या. असे जलतरणपटू शरीरास थंडीची सवय दीर्घकाळ लावतात. पर्यटकाजवळ ती नसते. कोकणचा समुद्र फारसा थंड नसला तरी तेथे लाटा व ओढ यांचे भय आहेच.

व्यवहारात सांगावयाचे

१. टबाचे पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम नसावे. १० ते १५ मिनिटे पुरेत.
२. भोजनोत्तर, अजीर्णात व मद्यपानानंतर अवगाहन टाळावे.
३. मधुमेहात पायांची संवेदना मंदावते व भाजल्याचे कळत नाही. म्हणून मोह टाळणेच श्रेयस्कर.
४. हृद्रोगी व उच्च रक्तदाबी यांनी शीत जलात उतरू नये. उष्णानंतर लगेच शीत हा क्रम तर टाळावाच.
५. निगा न राखलेल्या टबात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात व तुषारांवाटे फुप्फुसात जातात. पाणी गढूळ असल्यास उतरू नये.
६. निरोगी हौशी मनुष्याने थंड पाण्यात हळूहळू, उथळ भागात व सोबतीसह उतरावे; बाहेर येताच अंग पुसून कोरडी वस्त्रे घालावीत.

औषधविक्रेत्यांनीही प्रवासासाठी अभ्यंगतैल देताना रक्तदाब वा मधुमेहाचे औषध चालू आहे काय, हे अवश्य विचारावे. तेल लावलेल्या पायांनी ओल्या फरशीवर घसरण्याचा धोकाही सांगावा. सहलीपूर्वीची ही दोन मिनिटांची चौकशी चिकित्सेचाच भाग मानावी.