किमची : कोरियातील शाकसंधान आणि आपले कर्तव्य

‘डॉक्टर, पोटासाठी किमची फार चांगली म्हणतात, घरी करून खाऊ का?’ हा प्रश्न अलीकडे आमच्या चिकित्सालयात वारंवार येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत अम्लपित्ताचे रुग्ण असतात, तसेच उच्च रक्तदाबाचेही असतात. ज्या द्रव्याची घटना व संस्कार आपणांस ठाऊक नाहीत, त्याविषयी होकार वा नकार देणे वैद्यास शोभत नाही. म्हणून या कल्पाचा परिचय येथे करून देत आहोत.

परंपरा

किमची हे एका पदार्थाचे नव्हे, तर खारवून आंबविलेल्या भाज्यांच्या वर्गाचे नाव आहे. चिनी कोबीची किमची सर्वपरिचित आहे. पण मुळ्याच्या फोडींची ‘काक्दुगी’, मिरचीविरहित पांढरी ‘बेक किमची’ आणि मुळ्याची पाणीदार ‘तोंगचिमी’ हे प्रकारही कोरियात रूढ आहेत. हिवाळ्याच्या तोंडावर कुटुंबे व शेजारी एकत्र येऊन हिवाळ्याची बेगमी करतात. या प्रथेस ‘किमजांग’ म्हणतात. दक्षिण कोरियातील या प्रथेचा समावेश २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या किमची-परंपरेसही तेथे स्थान मिळाले. पूर्वी किमचीने भरलेले ‘ओंगी’ नावाचे मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवीत. तेथील थंडीमुळे आंबण्याची क्रिया मंद राहून भाजी वसंतापर्यंत टिके.

लाल रंगामुळे मिरची हाच किमचीचा आत्मा आहे असे वाटते. परंतु मिरची कोरियात पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीनंतर. भाज्या खारवून आंबविण्याची प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. या कल्पाचा आधार मीठ हाच आहे.

संधानकल्पनेच्या दृष्टीने

शार्ङ्गधराने मध्यमखंडात कंद, मूळ, फळे इत्यादी स्नेह व लवणासह द्रवात संधान केली असता त्यास शुक्त म्हटले आहे, आणि मुळा, मोहरी इत्यादींच्या संधानास शाण्डाकी. भावप्रकाशात शाण्डाकीत तांदळाच्या पिठाचाही उल्लेख आहे. किमचीतील कोबी व मुळा ही दोन्ही मोहरीच्याच कुळातील असून तीतही तांदळाच्या पिठाची पेज घालतात. या साम्यावरून कोणी कोणाकडून घेतले असा निष्कर्ष काढू नये. मात्र किमची समजून घेण्यास आपल्याकडील परिभाषा पुरेशी आहे, हे ध्यानात येते.

आसवारिष्टाशी मात्र तिची गल्लत करू नये. आसवारिष्टात गूळ वा साखरेवर किण्व कार्य करून मद्य निर्माण करते. किमचीत मीठ अनिष्ट जंतूंना रोखते आणि दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंना वाव देते. प्रथम ल्युकोनोस्टॉक वर्गाचे जंतू वाढतात, वायू व सौम्य आंबटपणा आणतात. पुढे लॅक्टोबॅसिलस वर्गाचे जंतू आम्लता वाढवितात. आसवारिष्टात बुडबुडे थांबणे हे सिद्धीचे लक्षण होय. किमची मात्र बुडबुडे चालू असतानाच थंड जागी हलवावी लागते. औषधनिर्मितीची सवय असलेल्या हातांकडून येथेच चूक होण्याचा संभव असतो.

कृती

दोन किलो चिनी कोबीचे उभे चार भाग करावेत. २०० ग्रॅम जाड्या मिठापैकी निम्मे एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोबी भिजवावा व उरलेले पानांच्या जाड देठांत भरावे. सहा ते आठ तासांत, मधूनमधून उलटत गेल्यास, देठ न मोडता वाकू लागतो. तेव्हा कोबी तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन दोन तास निथळत ठेवावा.

३० ग्रॅम तांदळाचे पीठ ३०० मिलिलिटर पाण्यात शिजवून पेज थंड करावी. तीत ८० ग्रॅम कोरियन मिरचीची भरड (न मिळाल्यास बेडगी), ५० ग्रॅम लसूण, १५ ग्रॅम आले, ३०० ग्रॅम मुळ्याचे काप आणि १०० ग्रॅम पातीचा कांदा मिसळावा. कोरियात यात खारवलेली कोळंबी वा माशांचा खारट अर्क घालतात. शाकाहारींनी त्याऐवजी १५ ते २० ग्रॅम मीठ घालावे. हे मिश्रण पानापानांत भरून कोबी बरणीत दाबून बसवावा. भाजी रसाखाली बुडालेली असावी व बरणीचा वरचा चतुर्थांश रिकामा असावा. झाकण घट्ट लावू नये; वायूच्या दाबाने काच फुटू शकते.

कोरियातील थंडीत दिलेली मुदत आपल्याकडे लागू पडत नाही. ३० अंशांवरील उष्म्यात बारा तासांनंतर पाहणी सुरू करावी आणि एका दिवसाच्या आत बरणी शीतकपाटात ठेवावी. आठवड्याभरात स्वाद मुरतो. रंगीत, केसाळ बुरशी आल्यास वा दुर्गंधी सुटल्यास सर्व टाकून द्यावे. वरचा थर काढून उरलेले खाऊ नये.

पथ्यापथ्यविचार

अशा किमचीत दर १०० ग्रॅममागे साधारण २ ते ३ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे. म्हणजे एका वाटीतच दिवसाच्या निम्म्या मिठाचा हिशेब लागतो. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली व क्षार यांच्यासह लवणाचा अतियोग वर्ज्य सांगितला आहे, त्याचे येथे स्मरण व्हावे.

अम्ल-लवण-कटु रसांच्या या उष्ण व तीक्ष्ण द्रव्याने रुची व अग्नी वाढतात हे खरे. परंतु अम्लपित्त, रक्तपित्त, त्वग्विकार, शोथ, उच्च रक्तदाब व वृक्कविकार यांत ते टाळावे. दुधासह देणे विरुद्ध होय. वॉरफरिन घेणाऱ्यांनी, कोबीतील जीवनसत्त्व ‘के’ लक्षात घेता, आपल्या चिकित्सकास विचारल्याखेरीज ते नित्य सुरू करू नये. निरोगी, दीप्ताग्नी व्यक्तीने भोजनात एक-दोन चमचे तोंडी लावणे म्हणून घेण्यास हरकत नाही.

औषधालयचालकांस विनंती

किमची हा अन्नपदार्थ आहे. आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्यावर ती तयार करून विकता येणार नाही. त्यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखालील नोंदणी वा परवाना लागतो. ‘शास्त्रोक्त शुक्त’ असे नाव देऊन वा रोगनाशाचा दावा करून ती विकणे ग्राहकाची दिशाभूल ठरेल आणि शास्त्रालाही कमीपणा आणील.

रुग्ण विचारील तेव्हा त्यास प्रथम दोन प्रतिप्रश्न करावेत : किती खाता, आणि का खाता? उत्तर ‘तोंडी लावायला’ असे आले तर प्रकृती पाहून मात्रा सांगावी. ‘औषध म्हणून’ असे आले, तर आधी त्या रुग्णाचा अग्नी तपासावा.