ऑपरेशन आणि स्टॅटिन: आटत गेलेला दावा

२००२ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी डॉक्टरांना दिलेला सल्ला आज वाचला तर नवल वाटते: मोठ्या ऑपरेशनसाठी रुग्ण दाखल झाला तर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी तेवढ्यापुरती थांबवणे शहाणपणाचे. भीती होती ती स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडे बिघडण्याची. पुढच्याच वर्षी रॉटरडॅमहून संशोधक पोल्डरमन्स यांच्या गटाने उलटे चित्र मांडले. रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशननंतर दगावलेल्यांत स्टॅटिन घेणारे बरेच कमी आढळले. २००४ मध्ये साओ पावलोच्या १०० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांतले हृदयाचे आणि मेंदूचे झटके व मृत्यू मिळून २६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. कारणही पटण्याजोगे होते. ऑपरेशनच्या ताणात धमनीतला चरबीचा थर फुटून रक्ताची गाठ होते. स्टॅटिन दाह कमी करून तो थर टिकवते. म्हणून ऑपरेशनच्या तोंडावर प्रत्येकालाच ही गोळी द्यावी, असा उत्साह वाढला.

तो उत्साह पुराव्याच्या पुढे धावला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. २०११ मध्ये पोल्डरमन्स यांना संशोधनातील गैरवर्तनावरून रॉटरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने काढून टाकले आणि त्यांच्या चाचण्यांवरचा भरवसा डळमळला. पुढे ब्राझीलमध्ये आधी स्टॅटिन न घेणाऱ्या ६४८ जणांना ऑपरेशनपूर्वी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा मोठा डोस किंवा औषधाविना गोळी दिली. महिनाभरात त्रास झाला अनुक्रमे १६.६ आणि १८.७ टक्क्यांना, म्हणजे ठोस फरक नाहीच. २०१६ मध्ये बीजिंगहून आलेल्या निकालात हृदयाच्या ऑपरेशनच्या १,९२२ रुग्णांत रोसुव्हास्टॅटिनने हृदय वाचले नाही, उलट मूत्रपिंडाचा बिघाड वाढला. कोणी म्हणेल, हजारो रुग्णांच्या नोंदींत तर स्टॅटिनवाले कमी दगावतात. खरे आहे. पण नियमित गोळी घेणारा माणूस बहुधा तपासण्या करतो, रक्तदाब सांभाळतो; त्या सवयींचे श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होते.

चालू असलेली गोळी तोडणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टॅटिनचे इंजेक्शन मिळत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी सुस्त असतात, रुग्ण उपाशी असतो, आणि शिरेतून बाकी सगळे चालू असताना ही एकच गोळी मागे राहते. फ्रान्समध्ये महाधमनीच्या ऑपरेशननंतर ती सुमारे चार दिवस राहून जात असे. नाकातल्या नळीतून का होईना, पण दुसऱ्या दिवशीच द्यायची असा नियम केल्यावर हृदयाच्या स्नायूंची हानी कमी दिसली, असे २००७ मध्ये नोंदले गेले. हाही काटेकोर प्रयोग नव्हे, हा आक्षेप मान्य. पण गोळी चालू ठेवण्यात धोका नगण्य, आणि मुद्दाम तोडून पाहण्याची चाचणी कोणत्या तोंडाने करायची? आजचा अमेरिकी सल्लाही गोळी थांबवू नका असाच आहे. आणि ज्याला धमन्यांच्या आजारामुळे ती आयुष्यभर लागणारच आहे, त्याला ती ऑपरेशनच्या निमित्ताने सुरू करावी, असे तो सांगतो.