हिस्लॉपचं कॉलेज आणि बायबलचा तास

कळमेश्वरहून नागपूरला शिकायला ये-जा करणाऱ्या पोरांना ‘हिस्लॉप’ हे नाव चांगलं ओळखीचं असतं. नावामागचा माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. 1845 मध्ये तो नागपुरात आला तेव्हा गादीवर भोसले होते. दुसऱ्याच वर्षी त्याने शाळा काढली. हेतू धर्मप्रचाराचा, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. पण गडी खडकांतही तेवढाच रमे. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. घोडा तेवढा परत आला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये निघालं.

मग सेक्युलर देशातल्या मिशनच्या संस्थेत बायबलचा तास चालतो का?

राज्यघटनेचं उत्तर मोठं व्यवहारी आहे. कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्या-चालवण्याचा हक्क दिला. कलम 28 ने मर्यादा आखल्या. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते देता येतं, पण सक्तीने नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. प्रार्थनेलाही हाच नियम. फ्रान्सने 1882 मध्येच सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकलं होतं. आपली वाट वेगळी, आणि इथल्या समाजाला ती जास्त मानवणारी.

तेव्हा प्रवेशाच्या कागदांत असं संमतीपत्र दिसलं, तर वाचल्याशिवाय सही करू नका.